ताटलीवरचं पोट

आमच्या परसात उभी असलेली ती वस्तू काय आहे, असं कुणी विचारलं की मी माणूस बघून उत्तर देतो. वीजमीटर वाचायला येणाऱ्याला सांगितलं, जुना अँटेना. शेजारच्या काकींना सांगितलं, कपडे वाळत घालायची नवी तऱ्हा. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

सिमेंट भरलेल्या टायरात रोवलेला एक लोखंडी पाइप, त्याच्या मध्यावर टेबलफॅनच्या जुन्या जाळीची टोपली आणि वर सायकलची रिंग. रिंगेपासून टोपलीपर्यंत बारा साखळ्या लोंबतात. त्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या, गुरं बांधायच्या. दुकानदार म्हणाला होता, "बारा गुरं? ह्या दिवसांत?" मी मान डोलावून पैसे दिले. भाचीने लांबून फेकलेली ताटली साखळ्यांवर आपटते, खळ्ळकन आवाज होतो, ताटली टोपलीत पडते. पलीकडच्या गोठ्यातला बैल दर वेळी मान वर करतो. त्याला वाटतं, सोडायला आले.

या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. आमच्या घरात मात्र ताटली. नियम गोल्फचेच. अठरा टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक टोपली, आणि सगळ्यांत कमी फेकींत जो पोचेल तो जिंकला. फक्त चेंडू नाही, काठी नाही, हिरवळीचे लाड नाहीत. झाडं, ओढे, चढउतार जसे असतील तसे वापरायचे. जगात काही माणसं यावर संसार चालवतात, हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं, आणि कळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाचीला डी.एड.चा फॉर्म आणून दिला.

याची सुरुवात एका पाहुण्यामुळे झाली. आमचं घर पेडण्यात, हरमलपासून स्कूटरने दहा मिनिटांवर. मागच्या दोन खोल्या आम्ही हंगामात भाड्याने देतो. २०१४ च्या डिसेंबरात फिनलंडचा एक सुतार आला. त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि ताटल्या जास्त होत्या. किनाऱ्यावर परदेशी माणसांनी फ्रिस्बी फेकणं आम्हाला नवीन नाही, पण ह्याच्या ताटल्या फ्रिस्बीपेक्षा लहान, वजनाला भरीव आणि काठाला धारदार. तो किनाऱ्यावर जायचाच नाही. सकाळी सड्यावर जायचा, एकटाच एखाद्या काजूच्या झाडावर नेम धरून फेकायचा, चालत जाऊन आणायचा, पुन्हा फेकायचा. गुराखी पोरांनी त्याचं नाव ठेवलं पिसो, म्हणजे वेडा. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची, नाताळच्या सुट्टीत आलेली. चौथ्या दिवशी ती त्याच्या ताटल्या वेचून आणायला लागली, आणि आठव्या दिवशी तोच तिच्या ताटल्या वेचत होता.

जाताना तो दोन ताटल्या ठेवून गेला. एक लांब जाणारी, पातळ कडेची, दुसरी जवळून टोपलीत टाकायची, डब्याच्या झाकणासारखी गोल कडेची. पहिलीवर चार आकडे छापले होते. मला वाटलं किंमत असेल. ते ताटलीचं जातक होतं: वेग किती, तरंगते किती, सुरुवातीला कुठे वळते आणि दमल्यावर कुठे पडते. उजव्या हाताच्या माणसाने छातीपासून आडवी फेकली की ताटली आधी सरळ किंवा किंचित उजवीकडे जाते आणि वेग ओसरला की डावीकडे कलते. कितीही ताकद लावा, शेवटचा तो डावा कल बहुतेक ताटल्यांना चुकत नाही. तो हिशोबात धरूनच फेकायचं. म्हणून मोठे खेळाडू पाठीवर वीस-पंचवीस ताटल्या घेऊन हिंडतात. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि तीच ताटली झिजली की तिचाही स्वभाव बदलतो.

वारा हे वेगळंच प्रकरण. आमच्या सड्यावर दुपारनंतर समुद्राचा वारा चढतो. समोरून वारा असला की ताटली उचलली जाते आणि उजवीकडे भरकटते, पाठीमागून असला की लवकर मान टाकते. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही, जांभ्या दगडांतून अनवाणी ताटल्या शोधत हिंडताना शिकलो. जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावर विमानं उतरायला लागली. विमान नेहमीच्या उलट बाजूने उतरायला आलं की भाची म्हणते, "मामा, वारा फिरला." ती पिशवीतून दुसरी ताटली काढते. त्या विमानतळाने आमच्या तालुक्याचं काय केलं यावर मी बरंच लिहू शकेन, पण ते इथे नको.

खरी शाळा मात्र तिच्या घरी होती. माझी बहीण सावईवेऱ्याला दिलेली. त्यांचं कुळागर आहे. पोफळीच्या रांगा, मध्ये मिरवेली, केळी, खाली पाण्याचे पाट. ज्याला झाडांतून ताटली न्यायची आहे त्याला यापेक्षा कडक मास्तर मिळणार नाही. दोन पोफळींत अंतर दोन-तीन हातांचं. जरा कोन चुकला की ठप्, आणि ताटली पाटात. पाडेली वर एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत सुपारीचे घड उतरवायचा आणि खाली ही. तो वरून ओरडायचा, "उजवीकडे गेली गो, आळवात!" कितीतरी वर्षांनी अमेरिकेतल्या जंगलातल्या स्पर्धांची चित्रणं बघताना निवेदक जेव्हा एखाद्या अरुंद फटीचं कौतुक करत होता तेव्हा ती म्हणाली, "ही कसली फट. यातून आमची म्हैस जाईल."

हा खेळ उभा करणाऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण तो मला आवडतो. एड हेड्रिक. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता. फ्रिस्बीच्या पाठीवर ज्या बारीक वर्तुळाकार रेघा असतात त्या त्याच्या डोक्यातून निघाल्या, आणि त्यांनी ती हवेत स्थिर राहायला लागली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब. खांबाला ताटली लागली की नाही यावरून वाद व्हायचे. (विटीदांडू खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.) मग मुलाच्या मदतीने त्याने साखळ्यांची टोपली केली. आता वादाला जागा नाही, साखळी वाजते आणि ताटली आत दिसते. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली. तिच्यात प्रत्येकाला जन्मभराचा एक क्रमांक मिळतो. हेड्रिकचा क्रमांक एक. माझ्या भाचीचा सहा आकडी आहे, आणि तो तिला आधार कार्डापेक्षा लवकर आठवतो.

हेड्रिक गंमतीने म्हणायचा की फ्रिस्बीवाले मेल्यावर दुसरीकडे कुठे जात नाहीत, छपरावर जाऊन पडून राहतात. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकात मिसळून तिच्या ताटल्या केल्या. आमच्या कौलांवर त्या फिनलंडवाल्याची एक पांढरी ताटली दोन पावसाळे पडून होती. काढायला शिडी लावली की आई ओरडायची, कौल फुटेल. तिसऱ्या वर्षी ती मृगाच्या पावसात आपसूक खाली आली.

बारावीनंतर भाचीने जाहीर केलं की तिला हेच करायचं आहे. आमच्याकडे करिअर म्हटलं की सरकारी नोकरी, ती नाही तर बोट. बोटीवर गेलेला माणूस तिथे भांडी घासत असला तरी चालतं, घरावर स्लॅब पडतो ना. आई सोप्यावर मिरच्यांची देठं काढत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ताटल्यो उडोवन पोट भरता?"

भाची चिडली नाही. तिने हिशोब मांडला, आणि तो ऐकताना मी मात्र अस्वस्थ होत गेलो. नवा खेळाडू स्वतःच्या पैशाने प्रवेश फी भरतो. पुष्कळ स्पर्धांत बक्षिसाची रक्कम म्हणजे मुख्यतः सगळ्यांनी भरलेली फीच. वरच्या काही जणांत वाटली जाते, खालचे मोकळ्या हाताने परत. गाडीच्या मागच्या भागात गादी टाकून राहायचं, एका गावातली स्पर्धा रविवारी संपली की रात्रीच पुढच्या गावाला निघायचं. थोडं नाव झालं की एखादी कंपनी फुकट ताटल्या देते. त्या गाडीच्या डिकीतून विकून डिझेल भरायचं. आणखी नाव झालं की सही असलेली ताटली निघते आणि प्रत्येक विक्रीमागे काही मिळतं. म्हणजे खरा पैसा फेकण्यात नाहीच, जे फेकतो ते विकण्यात आहे.

"आणि अगदी टोकाला?" मी विचारलं.

टोकाला पॉल मॅकबेथ. कॅलिफोर्नियाचा, सहा वेळा जगज्जेता. २०२१ च्या सुरुवातीला डिस्क्राफ्ट कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला, एक कोटी डॉलरचा. आईला रुपयांत सांगितलं, सत्तर कोटींच्या वर. आईने देठं काढायची थांबवली. मग म्हणाली, "तो एकटो. हेर कितले?" बाकीचे किती. सगळ्या चर्चेतला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता. मॅकबेथच्या आधी केन क्लायमोने बारा वेळा जगज्जेतेपद मिळवलं, त्यातली १९९० ते १९९८ ही नऊ वर्षं सलग. त्याच्या भर काळात असा करार देणारं कुणी नव्हतं. मॅकबेथच्या दुप्पट जेतेपदं, आणि पैसा? जन्मवेळ चुकली म्हणायची.

माझी अस्वस्थता पैशाची नव्हती. तो गाडीचा हिशोब मी लहानपणापासून ओळखत होतो.

माझे वडील दशावतारात होते. स्त्रीपार्टी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटारा टेम्पोत चढायचा, आणि वैशाखापर्यंत बाबा घरी पाहुण्यासारखे यायचे. रात्रभर नाटक, पहाटे तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसायचा, टेम्पोतच डुलकी, पुढच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत दुपारपर्यंत झोप. मानधन 'नाईट'वर. नाईट झाली तर पैसे, पावसाने मोडली तर मालकाची मर्जी. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरायचं आणि बाबा जागच्या जागी तारा, द्रौपदी, चंद्रमती व्हायचे. पाऊस पडला की तेच हात चिखलात. गावात लोक त्यांना रात्री नमस्कार करायचे आणि दिवसा उधार द्यायला कां कूं करायचे.

नाटकात आरतीचं ताट प्रेक्षकांत फिरतं. त्यात लोक पैसे टाकतात. मी सातवीत होतो. आमच्याच गावची जत्रा, ताट पुढे सरकत आमच्या रांगेत आलं. गणिताच्या मास्तरांनी त्यात चार आणे टाकले आणि मग माझ्याकडे बघितलं. बस्, एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मी गणितात पहिला यायला लागलो आणि पुढे पंचायतीत क्लार्क झालो.

हातावरचं पोट असलेला माणूस मी घरात पाहिला होता. ताटलीवरचं पोट हे त्याच घरातलं आहे, हे भाचीला कळायचं कारण नव्हतं. मी तिला डी.एड.चा फॉर्म दिला तो यामुळे.

जून २०२१. संचारबंदी, बाहेर पावसाचं थैमान. सावईवेऱ्याला नेटवर्क मिळत नाही म्हणून भाची आमच्याकडे मुक्कामाला. अमेरिकेत, युटामधल्या ऑग्डेनला, जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी झोपलो होतो. किंकाळीने जागा झालो. आई म्हणाली, चोर.

ती मला मोबाइल दाखवत होती, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. शेवटचा टप्पा. मॅकबेथ एका फेकीने पुढे. तो चार महिन्यांपूर्वी एक कोटीच्या कागदावर सही केलेला माणूस. मागे जेम्स कॉनराड, लांब केस, मोठी दाढी, एखाद्या बैराग्यासारखा. बरोबरी साधायची तर त्याला जवळजवळ ७५ मीटरांवरून थेट टोपलीत टाकायला हवी. असं कुणी ठरवून करत नाही. ताटली सुटली, वळत गेली, आणि साखळ्यांत. माणसं धावत सुटली. मग जादा टप्प्यावर कॉनराड जिंकला आणि जगज्जेता झाला. भाची रडत होती, ती मॅकबेथची भक्त असूनही.

मी तो तुकडा दहा-बारा वेळा पाहिला, पण कॉनराडकडे नाही, मॅकबेथकडे. हातातून गेलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना तो उभा आहे, आणि अजून त्याची स्वतःची फेक बाकी आहे. बाबा सांगायचे, समोरच्या नटाने अनपेक्षित वाक्य टाकलं आणि मंडप हसला, की त्या हशातच आपलं पुढचं वाक्य शोधावं लागतं. हसू ओसरायच्या आत. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, मॅकबेथने सहावं जेतेपद घेतलं, तेही जादा टप्प्यावरच.

त्याच वर्षी बायकांत एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटर जिंकली, २०२३ मध्ये परत. आधी ती बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगची खेळाडू. भाचीने नकाशा उघडून मला एस्टोनिया दाखवला. लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख. गोव्याची २०११ च्या जनगणनेतच साडेचौदा. "आपल्यापेक्षा कमी माणसं आहेत तिथे," ती म्हणाली. मी म्हणालो, मैदानं किती आहेत ते पण सांग. ती गप्प बसली. युरोपच्या त्या टोकाला गावागणिक जंगलात टोपल्या आहेत, आणि आमच्याकडे गुरांच्या साखळ्या. दुसरं मी तिला पेज पियर्सबद्दल सांगितलं, पाच वेळा जगज्जेती, २०२३ मध्ये घोट्याचं हाड मोडलं. एक पाऊल चुकलं की हंगाम गेला. भाची म्हणाली, "आणि दुसऱ्या वर्षी परत खेळायला आली, ते नाही सांगितलंस."

लांब फेकीवर कुणाचं पोट चालत नाही, हेही तिनेच मला शिकवलं. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स नावाच्या तरुणाने वाळवंटातल्या वाऱ्यावर ३३८ मीटर ताटली फेकली. आमच्या घरापासून देवळाच्या दीपमाळेच्याही पलीकडे. बघायला छान. पण संसार चालतो तो शेवटच्या दहा मीटरांवर. टोपलीभोवती दहा मीटरांचं वर्तुळ असतं. त्याच्या आत नियम कडक: ताटली सोडल्यावर तोल सावरून दाखवायचा, मगच पाय पुढे. फेकीच्या झोकात पुढे कोसळलात तर एका फेकीचा दंड. आणि हे सगळं तीस सेकंदांत. आमच्या परसात सुंभाने आखलेलं ते वर्तुळ पावसात पुसलं जातं आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा आखते. रोज दोनशे फेकी. हंगामात मांद्र्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते, पाळी संपली की स्कूटरवरून इकडे, आणि काळोखात डोक्याला टॉर्च बांधून दोनशे.

त्या पगारातून तिने तिकिटाचे पैसे जमवले आहेत. येत्या उन्हाळ्यात एस्टोनिया आणि फिनलंड, अडीच महिने, छोट्या-छोट्या स्पर्धा. तो सुतार आता साठीचा आहे. त्याच्या घरी एक खोली आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढला असता तर व्हिसाचा खटाटोप वाचला असता, पण तिच्या आजोबांनी सत्याग्रहात मार खाल्लेला, त्या घरात हा विषय निघत नाही.

गावातले अर्धे फॉर्म मी भरतो, तेव्हा हाही माझ्याकडेच आला. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग व्यवसाय.

हा रकाना मी आयुष्यात शेकड्यांनी भरला. मृत्यूची नोंद करतानाही तो असतो. १९९६ मध्ये, मला पंचायतीत लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बाबा गेले. त्यांचा फॉर्म मीच भरला. व्यवसाय: शेतकरी. सात गुंठे जमीन होती, खोटं नव्हतं. सचिवांनी वाचून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

तर मी परवा रात्री भाचीच्या फॉर्मवर, त्या रकान्यात, पेन्सिलीने आधी हलकंसं लिहिलं: व्यावसायिक खेळाडू, डिस्क गोल्फ. इंग्रजीत स्पेलिंग दोनदा तपासलं. तिला बोलावलं.

तिने वाचलं आणि खोडरबर मागितलं.

"मामा, रिसेप्शनिस्ट लिही. पगाराची स्लिप आहे, हॉटेलचं पत्र आहे. खेळाडू लिहिलंस तर ते कमाई विचारतील. कमाई कुठली दाखवायची?"

"पण तू..."

"व्हिसा तर मिळू दे."

मी खोडलं. कागदावर ठसा राहिला, वाकडा धरला तर दिसतो. ती टॉर्च बांधून परसात गेली. आईला आता फारसं दिसत नाही, ती मागच्या दारात पाटावर बसून आवाजावर मोजते. साखळी वाजली की एक, नुसतं मातीत पडली की तोंडाने च्च् करते. मी आत शाईने रिसेप्शनिस्ट लिहीत होतो. बराच वेळ नुसतं च्च् च्च् ऐकू येत होतं.

"आयज खूब चुकता तें," आई म्हणाली. बैलाने मान वर केली नव्हती.